विहिरीतली वटवाघळे घालवू का?



महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा सापडल्याची बातमी २०२१ च्या जूनमध्ये आली. तेव्हापासून गटसभेत एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, आमच्या जुन्या विहिरीत वटवाघळं भरलीत, धूर करून घालवू का?" उत्तर 'नको' असे आहे. पण कारण सांगितल्याशिवाय शेतकरी ऐकत नाही, आणि ऐकूही नये.

तो अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा. मार्च २०२० मध्ये वटवाघळे पकडून नमुने घेतले, तेव्हा रक्तात निपाहची प्रतिपिंडे मिळाली. म्हणजे त्या प्राण्याला कधीतरी लागण होऊन गेली व शरीराने तिला तोंड दिले. गोवरातून उठलेल्या पोराच्या रक्तातही अशीच खूण राहते. त्या वेळी आपल्या राज्यात माणसाला निपाह झाल्याची नोंद नव्हती. तरी केरळात २०१८ साली याच रोगाने १७ माणसे दगावली, तेव्हा हसण्यावारी नेऊन चालणार नाही.

आता धुराचे. आफ्रिकेत युगांडा देशात किटाका नावाच्या खाणीत फळखाऊ वटवाघळे राहत. ती महाबळेश्वरच्या गुहेतल्या फळखाऊ जातीची चुलत भावंडेच. तेथे २००७ साली खाणकामगारांना मारबर्ग हा जीवघेणा रोग झाला, म्हणून २००८ साली वटवाघळे मारून टाकली. काही वर्षांनी नवी वटवाघळे येऊन राहिली. पूर्वी शंभरात पाचांना लागण होती, आता तेरांना निघाली. २०१२ साली जवळच्याच गावात साथही आली. जुनी लागण पचवलेली जनावरे गेली आणि नवी कोवळी आली, की रोगाला रान मोकळे. शिवाय उठवलेली वटवाघळे जातात कुठे? आपल्याच गोठ्यात नि माडीवर.

वटवाघळे खेड्यातच असतात असेही नाही. बिबवेवाडीला आमच्या मेहुण्यांच्या सोसायटीत उंच हिरव्या अशोकांची रांग आहे. पावसाळ्यात रोज सकाळी गॅलरीत बियांचा नि चोथ्याचा सडा पडायचा, म्हणून झाडे तोडायचा ठराव आला होता. हे काम आखूड नाकाच्या वटवाघळाचे. ते फळ तोडून तोंडात धरून आडोशाला नेते, रस चोखते आणि बी टाकून देते. गॅलऱ्यांना जाळ्या लावल्या, सडा थांबला. झाडे अजून उभी आहेत.

दुसरी जमात लहान, किडे खाणारी. तिला आपण पाकोळी म्हणतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात मक्याच्या काही भागावर रात्री जाळी टाकून वटवाघळे रोखली, तर तिथे कणसातल्या अळ्या वाढल्या. हा अभ्यास २०१५ साली छापून आला. ती अळी आपल्या हरभऱ्यावरच्या घाटेअळीची भाऊबंद. म्हणून हुमणीला पाकोळी पुरेशी, असे कोणी समजू नये. पहिल्या वळवानंतर कडुनिंब-बाभळीवरचे भुंगेरे गोळा करणे आणि प्रकाश सापळे लावणे चुकवू नये. पाकोळी फुकटची मदतनीस, इतकेच.

काळजी घ्यायची ती अशी. चोच वा दात लागलेले फळ मुलांना देऊ नये, जनावरांपुढेही टाकू नये. मलेशियात १९९८-९९ साली डुकरांच्या मार्फतच निपाह माणसांत आला. शंभरावर माणसे गेली आणि दहा लाखांच्या आसपास डुकरे मारावी लागली. शिंदीचा रस काढणाऱ्यांनी मडक्याचे तोंड झाकावे; बांगलादेशात खजुरीच्या कच्च्या रसातून लागण झालेली आहे. पडलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये. चावलेच, तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन रेबीजच्या लशीसाठी लगेच दवाखाना गाठावा.

वटवाघळे असलेल्या विहिरीचा गाळ काढायचा असेल, तर आधी गटाच्या शेतकी कार्यालयात वर्दी द्यावी. पिले अंगावर असताना काम काढू नये. मजुरांना तोंडाला फडके नि हातमोजे द्यावेत, आणि वाळलेली विष्ठा पाणी मारून भिजवल्याशिवाय खरवडू नये.