यंत्राला अडवण्यासाठी रचलेला डाव

1997 मध्ये आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्हला हरवले आणि माणसाची बुद्धी यंत्रापुढे थिटी पडल्याची हाकाटी झाली. भारतीय वंशाचे अमेरिकन संगणक अभियंते ओमर सय्यद यांना मात्र त्या विजयात बुद्धीपेक्षा आकडेमोडीचा जोरच अधिक दिसला. बुद्धिबळाच्याच पटावर, त्याच सोंगट्यांनी खेळता येईल, पण संगणकाला जड जाईल असा ‘अरिमा’ हा खेळ त्यांनी रचला. 2020 पर्यंत साध्या संगणकावरच्या प्रोग्रॅमने अव्वल खेळाडूंना हरवले तर 10 हजार डॉलर, अशी पैजही लावली. 2015 मध्ये ते ती हरले. म्हणून त्यांचा प्रयोग फसला असे कोणी म्हणेल. मला तो यशस्वी वाटतो.

अरिमात राजाची सोंगटी हत्ती होते, वजीर उंट होतो आणि आपला हत्ती चक्क घोडा (सवय व्हायला थोडा वेळ लागतो!). प्यादी म्हणजे ससे; एक ससा पलीकडच्या शेवटच्या ओळीत पोचला की डाव जिंकला. बलवान प्राणी दुबळ्याला ढकलतो, ओढतो, जागीच थिजवतो; पटावरच्या चार सापळ्यांत एकटा सापडलेला प्राणी बाद होतो. सुरुवातीची मांडणी खेळाडूच ठरवतो, त्यामुळे पाठ केलेल्या ओपनिंगचा उपयोग नाही. मुख्य मेख वेगळीच आहे: एका पाळीत चार पावले टाकता येतात. बुद्धिबळात एका वेळी सरासरी 35 खेळ्या शक्य असतात, तर इथे सुमारे 17 हजार. दोन पाळ्या पुढचे पाहायचे तर 30 कोटींच्या आसपास शक्यता होतात.

तरीही डेव्हिड वू यांच्या ‘शार्प’ या प्रोग्रॅमने पैज जिंकली. हे निव्वळ वेगवान यंत्राचे काम म्हणता येत नाही. जाणकारांच्या डावांवरून कोणत्या खेळ्या विचारात घेण्याजोग्या आहेत हे प्रोग्रॅमला आधी शिकवले गेले, मग बाकीच्या छाटता आल्या. माणूसही 17 हजार खेळ्या कुठे पाहतो? निव्वळ मोजदाद पुरी पडत नाही, हे सय्यद यांचे म्हणणे खरे ठरले. निवड यंत्राला शिकवता येणार नाही, ही आशा तेवढी खोटी ठरली. गो हा पटावरचा खेळ खेळणाऱ्या ‘अल्फागो’ प्रोग्रॅमनेही पुढे अशाच निवडीचा आधार घेतला.

अरिमा हे बुद्धिबळच नव्हे, असा आक्षेप उरतो. पण आजच्या वजिराची लांब धावही पंधराव्या शतकाअखेर युरोपात आली. त्याआधी तो तिरके एकच घर चालत असे. तेव्हा नाक मुरडण्याआधी घरचा पट काढा, सापळ्यांच्या चार घरांवर खडूने खुणा करा आणि एक डाव खेळून पाहा.