कॉलेज निवडताय? आधी कोर्ट कुठंय ते बघा!

बारावीनंतर ‘लॉ करायचंय’ असं घरात जाहीर केलं की पहिला प्रश्न येतो, ‘तुला खोटं बोलता येतं का?’ आणि दुसरा, ‘कुठल्या कॉलेजला?’ पहिला प्रश्न हसून सोडून देता येतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र पाच वर्षं आणि बऱ्यापैकी पैसे मागतं. शिवाय ते उत्तर अठराव्या वर्षी, अर्धवट माहितीवर आणि तारखा निघून जायच्या आत द्यायचं असतं.

मी राहते त्या पेठेतल्या पीजीमध्ये यंदा बीए एलएलबीच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी आलीये. मूळची बार्शीची. वडील तालुका कोर्टाबाहेर स्टॅम्प व्हेंडर. त्यामुळे वकील, पक्षकार, तारखा आणि कोर्टाबाहेरचा चहा हे सगळं हिने लहानपणापासून पाहिलेलं. रात्री मेसवरून आलो की आमच्या गप्पा हळूहळू कॉलेजवर यायच्या. मग मीच म्हटलं, यावर पुरवणीत लिहू का? ती लगेच म्हणाली, “लिही ताई, पण नाव छापू नकोस. आमच्या कॉलेजात सगळे ही पुरवणी वाचतात.” (हे वाक्य मी संपादकांना मुद्दाम वाचून दाखवलं!)

तर तिची गोष्ट अशी. तिने दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, क्लॅट आणि एमएच-सीईटी. क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची, म्हणजे एनएलयूंसाठीची परीक्षा. १२० प्रश्न, दोन तास, निगेटिव्ह मार्किंग आणि पेपर फक्त इंग्रजीत. दिल्लीच्या एनएलयूची आयलेट ही परीक्षा वेगळी. आपल्या राज्याची सीईटी मात्र मराठीतूनही देता येते आणि तिथे चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. “मी मराठी मीडियमची. क्लॅटचे उतारे वाचेपर्यंतच घड्याळ संपायचं,” ती सांगते. तरीही तिचा रँक बरा आला. मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या महाराष्ट्र एनएलयूला लागण्याइतका नव्हता, पण परराज्यातल्या एका नव्या एनएलयूत सीट मिळत होती.

इथे खरी गोची झाली. क्लॅट डिसेंबरात, सीईटी उन्हाळ्यात आणि कॅपच्या याद्या पावसाळ्यात. म्हणजे एनएलयूची सीट हातात येते, पैसे भरायची मुदत समोर असते आणि राज्यातलं कुठलं कॉलेज मिळणार याचा अजून पत्ता नसतो. क्लॅटच्या समुपदेशनासाठी नाव नोंदवायलाच हजारोंची रक्कम लागते. सीट पक्की करायला पुन्हा पैसे. “हो म्हणायचं तरी पैसे भरून आणि नाही म्हणायचं तरी भीती वाटते,” ती म्हणते. घरी दोन आठवडे एकच विषय होता. मामा म्हणाले, नॅशनल आहे, डोळे मिटून घे. क्लासच्या सरांनीही तेच सांगितलं. वडील काही बोलले नाहीत, त्यांनी कागद घेतला आणि हिशेब मांडला.

तो हिशेब मला फार इंटरेस्टिंग वाटला, म्हणून सविस्तर देते. फी, हॉस्टेल, मेस, जाण्यायेण्याची तिकिटं, सगळं धरून वर्षाला तीन लाख. पाच वर्षांचे पंधरा. एवढे घरात नव्हते, म्हणजे एज्युकेशन लोन. पंधरा लाखांवर दहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता जवळपास वीस हजार येतो. शिकत असताना चढणारं व्याज यात धरलेलंच नाही. आता दुसरी बाजू बघा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एक परिपत्रक काढलं. ज्युनिअर वकिलांना शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये महिना विद्यावेतन द्यावं, असं त्यात म्हटलंय. ती शिफारस आहे, सक्ती नाही. बार्शीच्या कोर्टात ज्युनिअरला प्रत्यक्षात काय मिळतं, हे तिच्या वडिलांना कुणी सांगायची गरज नव्हती.

म्हणजे शिफारस तंतोतंत पाळली गेली तरी ज्युनिअरशिपचा सगळा पैसा हप्त्यात जाणार. त्या कर्जासह कॉलेजमधून बाहेर पडलात, तर कोर्टात उभं राहायची चैन तुम्हाला परवडणारच नाही, मग कॉर्पोरेट फर्म किंवा कंपनीतली नोकरीच धरावी लागणार. ज्यांना तेच करायचंय त्यांना हे गणित चालतं. बेंगळुरूसारख्या जुन्या, नाव झालेल्या एनएलयूत मोठ्या फर्म स्वतः येतात, तिथे कर्ज काढण्यात अर्थ आहे. पण एनएलयू हा शब्द बेंगळुरूलाही लागतो आणि अलीकडे उघडलेल्या विद्यापीठालाही. पहिलीला जवळपास चाळीस वर्षं होत आली, दुसरीच्या माजी विद्यार्थ्यांची यादी एका पानात संपते. क्लासवाले दोन्हींना एकाच दमात ‘नॅशनल’ म्हणतात. माझं स्पष्ट मत आहे, यात मुलांची सर्रास दिशाभूल होते.

“मला कोर्टातच उभं राहायचंय,” ती म्हणते. “मग मी लोन काढून फर्मसाठी तयार का होऊ?” तिने ती सीट सोडली.

सोडल्यानंतरचे दोन महिने तिला अजून आठवतात. कॅपची यादी लांबत होती, बरोबरीच्या मैत्रिणी इंजिनिअरिंगला जाऊन फ्रेशर्स पार्टीचे फोटो टाकत होत्या आणि नातेवाईक फोन करून ‘अजून कुठेच नाही का?’ विचारत होते. शेवटी पुण्यातलं एक जुनं अनुदानित कॉलेज लागलं. शिवाय २०२४-२५ पासून राज्यात एक योजना सुरू झालीये. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर नाही, अभिमत विद्यापीठांना नाही आणि परराज्यातल्या एनएलयूला तर प्रश्नच नाही. ती या योजनेत बसते. “आधी कुणी नीट सांगितलंच नव्हतं. मला तहसीलच्या रांगेत कळलं, उत्पन्नाचा दाखला काढताना,” ती सांगते. तेव्हा मुलींनो, दाखले उन्हाळ्यातच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्राबाहेरची रांग बघितली की लॉ नको वाटायला लागतं.

मग आता सगळं छान चाललंय का? तसंही नाही. पहिल्या दिवशी ती काळा कोट डोक्यात घेऊन वर्गात गेली आणि टाइमटेबलवर राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इंग्रजी! राज्य विद्यापीठांच्या पाच वर्षांच्या कोर्समध्ये सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी बीएचेच विषय जास्त असतात. एनएलयूत पहिल्या सेमिस्टरपासून कायद्याचे विषय येतात, हा फरक ती मान्य करते. तिथल्या मैत्रिणीशी फोनवर बोलणं झालं की हिला थोडं मागे पडल्यासारखं वाटतं. ती मैत्रीण मूट कोर्टची मेमोरियल लिहितेय आणि ही राज्यशास्त्राच्या नोट्स काढतेय. वर्ग मोठा आहे, सरांना नावं माहीत नाहीत, हजेरी घेण्यातच दहा मिनिटं जातात. ती म्हणाली, “तिथे तुला ढकलणारे लोक असतात. इथे स्वतःलाच ढकलावं लागतं. कुणी विचारत नाही तू लायब्ररीत का नाहीस.”

पण लायब्ररी चांगली आहे, आणि कॉलेज बघताना तिने सगळ्यात जास्त तपासलं तेही हेच. एक आठवडा काकांकडे राहून तिने पुण्यातली काही कॉलेजं पायी पालथी घातली होती. एका खासगी कॉलेजात माहितीपत्रकावर मूट कोर्ट हॉलचा चकाचक फोटो होता. प्रत्यक्षात हॉलला कुलूप, किल्ली कुणाकडे ते शिपाईकाकांनाही माहीत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी लायब्ररीत एससीसी ऑनलाइन आणि मनुपत्र दोन्ही आहे असं सांगितलं. तिने विचारलं, लॉगिन विद्यार्थ्यांना मिळतं का? उत्तर आलं, “शेवटच्या वर्षाला बघू.” ज्याला हे दोन शब्द माहीत नाहीत त्याच्यासाठी सांगते: न्यायालयांचे निकाल शोधायचे हे ऑनलाइन डेटाबेस आहेत. वकील दिवसभर त्यातच डोकं घालून बसतात. स्वतः विकत घ्यायचं म्हटलं तर विद्यार्थ्याच्या खिशाला झेपत नाही.

सध्या लायब्ररी तपासायला अजून एक कारण आहे. १ जुलै २०२४ पासून आयपीसी गेली, भारतीय न्याय संहिता आली. सोबत सीआरपीसी आणि पुराव्याचा कायदाही बदलला. म्हणजे सिनिअरकडून फुकटात मिळणारी किंवा अप्पा बळवंत चौकात निम्म्या किमतीत मिळणारी पुस्तकं एका रात्रीत जुनी झाली. हिच्या वडिलांच्या तोंडी अजून ‘चारशेवीस’ आहे, ही त्यांना सांगते की फसवणूक आता कलम ३१८ मध्ये गेली. ज्या कॉलेजच्या कपाटात अजून नवी पुस्तकं आलेली नाहीत, तिथे बाकी काय चालत असेल याचा अंदाज तुम्हीच लावा.

तिचा कॉलेज बघायला जायचा सल्लाही भारी आहे. ओपन डेला जायचंच नाही. साध्या मंगळवारी सकाळी अकराला जायचं आणि कॅन्टीनमध्ये बसायचं. पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारू नका, त्यांना सगळंच छान वाटतं (हे पहिल्या वर्षाचीच मुलगी सांगतेय!). तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना गाठायचं. ‘कॉलेज कसंय?’ हा प्रश्न फुकट जातो, सगळे ‘चांगलंय’ म्हणतात. विचारायचं ते असं: मागच्या सुट्टीत इंटर्नशिप कुठे केलीस? ती कॉलेजने दिली की तू स्वतः शोधली? रिझल्ट किती महिन्यांनी लागतो? कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? मराठीतून पेपर लिहू देतात का?

इंटर्नशिपचा प्रश्न सोडू नका. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पाच वर्षांच्या कोर्समध्ये किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या कोर्समध्ये १२ आठवडे इंटर्नशिप हवी. ती कागदावर पूर्ण करून देणारी कॉलेजंही आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. इथे तिचा लाडका मुद्दा येतो, कॉलेजपासून कोर्ट किती लांब? मुंबईचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज १८५५ पासून चालू आहे, टिळक तिथे शिकले आणि डॉ. आंबेडकर तिथे प्राचार्य होते, हे सगळं खरंच. पण विद्यार्थ्याच्या रोजच्या आयुष्यात मोठी गोष्ट ही की चर्चगेटला लेक्चर संपवून उच्च न्यायालयात पायी जाता येतं. आता कोल्हापूरचंही बघा. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी. कालपर्यंत ‘तिथे काय आहे?’ म्हणून ज्या शहराचं कॉलेज प्रेफरन्सच्या यादीत खाली टाकलं जायचं, तिथल्या मुलांना आता हायकोर्टाचं काम जवळून बघता येतंय. “यादी भरताना हे माहीत असतं तर मी कोल्हापूर वर टाकलं असतं,” ती म्हणते.

बाकीच्या गोष्टी पटकन. कॉलेज बार कौन्सिलच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते स्वतः तपासा, कॉलेजच्या बोर्डावर विश्वास ठेवू नका. मान्यता नसेल तर त्या पदवीवर सनद मिळत नाही. पाच वर्षं की तीन? वकिलीच करायचीये हे बारावीतच ठरलं असेल तर पाच, नसेल ठरलं तर आधी ग्रॅज्युएशन करा, काही बिघडत नाही. आणि ‘लॉ करून डायरेक्ट जज होणार’ असं ज्यांनी ठरवलंय, त्यांच्यासाठी २० मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा आहे. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी आता किमान तीन वर्षांची वकिली लागते. म्हणजे ती ज्युनिअरशिप आणि तो वीस हजारांचा हिशेब तुमच्याही वाट्याला आहेच.

हा निकाल आला तेव्हा तिच्या हातात एनएलयूची सीट अजून होती. वडिलांनी पेपरातली बातमी कापून हिशेबाच्या कागदाला टाचली, एवढंच.

सध्या ती उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या इंटर्नशिपसाठी वकिलांना मेल पाठवतेय. अकरा पाठवले, दोघांची उत्तरं आली. एक सोलापूरचे, जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं बघणारे. दुसऱ्या कोल्हापूरच्या वकीलबाई. सोलापुरात आत्या राहते, कोल्हापुरात खोली शोधावी लागेल. काल रात्री ती मोबाइलवर कोल्हापुरातल्या लेडीज हॉस्टेलचे दर बघत बसली होती.