पुरुषांमधील स्तनाचा कर्करोग : उपचार आणि त्यानंतरची काळजी

बालरोगतज्ज्ञाने या विषयावर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची छाती वाढलेली दिसली की चिंतातुर वडील त्याला आमच्याकडेच घेऊन येतात. वयात येताना होणारी ही वाढ संप्रेरकांच्या तात्पुरत्या असमतोलामुळे असते आणि बहुधा वर्ष-दोन वर्षांत ओसरते. हे समजावून सांगितल्यावर काही वडील दबक्या आवाजात विचारतात, "पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो का?" होतो, मात्र मुलाच्या वयात नव्हे, तर बहुधा आजोबांच्या वयात.

स्तनकर्करोगाच्या दर १०० रुग्णांत साधारणपणे एक पुरुष असतो. न दुखणारी टणक गाठ, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारा रक्तमिश्रित स्राव किंवा बरी न होणारी जखम ही त्याची लक्षणे. पुरुषाच्या छातीत स्तनाची ऊती थोडीच असल्याने गाठ हाताला सहज लागते. तरीही रुग्ण उशिरा येतो, कारण 'हा बायकांचा आजार' ही समजूत. तोवर रोग त्वचेपर्यंत किंवा काखेतील लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचलेला असू शकतो.

सोनोग्राफी, मॅमोग्राम आणि बायोप्सी यांवरून निदान होते. बहुतेकांत संपूर्ण स्तन काढण्याची शस्त्रक्रिया करतात; गाठ लहान असल्यास निवडक रुग्णांत स्तन राखताही येतो. काखेतील पहिली ग्रंथी तपासून पुढील ग्रंथी काढायच्या की नाही हे ठरते. रोगाच्या टप्प्यानुसार किरणोपचार व केमोथेरपी देतात आणि हर-२ पॉझिटिव्ह रोगात ट्रॅस्टुझुमॅब.

पुरुषांतील ९० टक्क्यांहून अधिक गाठी इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या असतात. म्हणून टॅमॉक्सिफेन हा उपचाराचा कणा होय : रोज २० मिलिग्रॅम, किमान ५ वर्षे, रोग परतण्याचा धोका अधिक असल्यास १० वर्षांपर्यंत. हे औषध चालत नसल्यास अ‍ॅरोमाटेज प्रतिबंधक गोळीसोबत वृषणांतील संप्रेरकनिर्मिती थांबवणारे इंजेक्शन देतात.

खरी कसोटी येथूनच सुरू होते. अंगातून वाफा येणे, वजन वाढणे, चिडचिड, कामेच्छा कमी होणे या त्रासांमुळे अनेक पुरुष गोळी मध्येच सोडतात आणि लाजेपोटी डॉक्टरांना सांगत नाहीत. शस्त्रक्रिया मुंबईत झाली असली तरी पुढची पाच वर्षे रुग्ण आपल्याच गावात, आपल्याच हाताखाली असतो. तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी दर भेटीत 'गोळी चालू आहे ना?' असे आपणहून विचारावे. पोटरी सुजली वा अचानक धाप लागली, तर रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी. पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन देणे टाळावे. त्यांच्यामुळे टॅमॉक्सिफेनचे सक्रिय रूपांतर मंदावते. थकव्यावर टेस्टोस्टेरॉन तर कदापि देऊ नये.

पहिली तीन वर्षे दर ३ ते ६ महिन्यांनी, पुढील दोन वर्षे दर ६ ते १२ महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी तपासणी व्हावी. स्तन राखला असल्यास त्या बाजूचा मॅमोग्राम दरवर्षी करावा. जनुकदोष आढळल्यास दुसऱ्या बाजूचाही करण्याचा विचार व्हावा. लक्षणे नसताना वारंवार पेट स्कॅन वा रक्तातील ट्यूमर मार्कर करण्याने लाभ होत नाही. हात सुजत असल्यास किंवा खांदा आखडत असल्यास फिजिओथेरपीस विलंब नको. मनाचीही विचारपूस हवी. नर्मदेवर स्नानाला उतरताना किंवा सोवळे नेसून पूजेला बसताना छातीवरचा व्रण उघडा पडतो, आणि अनेक जण ते प्रसंगच टाळू लागतात.

आता लेकरांविषयी. स्तनकर्करोग झालेल्या प्रत्येक पुरुषास जनुकीय समुपदेशन व तपासणी सुचवावी. सदोष बीआरसीए-२ जनुक मुलाकडे वा मुलीकडे जाण्याची शक्यता प्रत्येक वेळी ५० टक्के असते. गायिका बियॉन्से हिचे वडील मॅथ्यू नोल्स यांनी २०१९ मध्ये आपला आजार व हा जनुकदोष जाहीरपणे सांगितला, तेव्हा मुलांना सावध करण्याची निकड त्यांनी बोलून दाखवली होती. आपल्याकडे मात्र 'लेकीच्या सासरी कळायला नको' म्हणून वडिलांचा आजार झाकला जातो. त्या लेकीची नियमित तपासणी पंचविशीपासून सुरू व्हायला हवी. मुलानेही पस्तिशीपासून छातीची आणि चाळिशीपासून प्रोस्टेटची तपासणी करून घ्यावी. लहान मुलांची जनुकीय तपासणी आताच करू नये. सज्ञान झाल्यावर तो निर्णय त्यांनी स्वतः घ्यावा.

कौटुंबिक इतिहास लिहिताना आपण आई, मावशी, आजी यांची चौकशी करतो. यापुढे वडील, काका आणि आजोबा यांचीही करू या. वडिलांनी लेकीला वेळेवर सांगितलेली एक गोष्ट तिचे प्राण वाचवू शकते. आणि ती सांगण्याचे धैर्य त्यांना देणे हे आपले काम आहे.