खाट केव्हा हवी, घर केव्हा पुरे?

पाचगणीला येणारा पर्यटक टेबललँड पाहतो, स्ट्रॉबेरी खातो आणि महाबळेश्वरची वाट धरतो. या गावाची जुनी ओळख मात्र वेगळी होती. इथे माणसे हवा खायला नव्हे, तर हवेवर जगायला येत. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी इथे क्षयरोग्यांसाठी ‘बेल-एअर’ आरोग्यधाम सुरू केले. पुढे ते इंडियन रेड क्रॉस सोसायटीकडे आले. खाली मिरजेजवळ वानलेसवाडीलाही मिशनचे असेच क्षयरोग आरोग्यधाम होते.

त्या काळी क्षयावर औषधच नव्हते. कोरडी, स्वच्छ हवा, दूध-अंडी आणि सक्तीची विश्रांती एवढाच उपचार. रुग्ण महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे व्हरांड्यातल्या खाटेवर पडून राहत. घरदार, नोकरी, लेकरे सगळे सुटे. काही बरे होऊन परतत, अनेक परतत नसत. खाट हाच उपचार होता, म्हणून तिला पर्याय नव्हता.

मग औषधे आली. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, १९५२ मध्ये आयसोनियाझिड वापरात आले. आता प्रश्न उभा राहिला, औषधाने जंतू मरत असतील तर खाट कशासाठी? देशात क्षयाचे रुग्ण लाखांत होते आणि खाटा जेमतेम काही हजारांत. म्हणून १९५६ मध्ये मद्रासला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून एक प्रयोग केला. शहरातल्या गरीब वस्त्यांमधले १९३ रुग्ण निवडले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्म्यांना आरोग्यधामात ठेवले, निम्म्यांना घरी. औषधे दोघांना तीच, वर्षभर.

आरोग्यधामातल्या रुग्णांना चांगले जेवण, विश्रांती आणि परिचारिका होत्या. घरच्यांना दाटीवाटीची खोली, तुटपुंजे अन्न आणि बऱ्याचदा लवकरच पुन्हा कामधंदा. वर्षअखेरीस आरोग्यधामातल्या ९२ टक्के आणि घरच्या ८६ टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात आलेला होता. पुढे पाच वर्षे पाठपुरावा केल्यावर हे अंतरही मिटले. ‘घरात ठेवले तर पोराबाळांना लागण होईल,’ ही सर्वांत मोठी भीती होती. तीही खोटी ठरली. घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबांत नवे रुग्ण अधिक निघाले नाहीत. लागण प्रामुख्याने निदान होण्याआधी झालेली असते. औषध सुरू झाले की रुग्णाची संसर्ग देण्याची क्षमता झपाट्याने घटते.

या प्रयोगाने जगभरातली क्षयाची आरोग्यधामे हळूहळू रिकामी केली. आज माझ्याकडे येणारा क्षयाचा बहुतेक रुग्ण औषधे घेऊन त्याच दिवशी गावी जातो. सहा महिने गोळ्या, त्या सरकारकडून मोफत, आणि काम होईल तसे काम.

पण या गोष्टीतला एक भाग आपण विसरतो. मद्रासच्या रुग्णांना घरी ‘सोडून दिले’ नव्हते. ते दर आठवड्याला दवाखान्यात येऊन औषध नेत. आरोग्यसेविका अचानक घरी जाऊन गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही ते पाहत. घर पुरे पडले, कारण घरापर्यंत दवाखान्याचा धागा पोचलेला होता.

आता आजच्या वॉर्डात या. सकाळच्या राउंडला मी म्हणतो, “आजोबांचा ताप उतरलाय, जेवतायत, आज घरी न्या.” मुलगा हात जोडतो, “सायेब, अजून चार दिस ठिवून घ्या की. दोन सलाईन लावा, ताकद येईल.” त्याच्या बोलण्यात बापाची काळजी असते, म्हणून मी रागावत नाही. त्याला हिशेब सांगतो. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. मिठाच्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. ज्याला तोंडाने खाता-पिता येते, त्याला एक भाकरी आणि वाटीभर आमटी यापेक्षा जास्त देते.

नुकसानाचा हिशेब वेगळा. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवले. त्यांच्या पायांचे जवळपास एक किलो स्नायू घटले. ही निरोगी माणसे होती, आपले आजोबा तर आजारी आहेत. चालत आलेला माणूस धरून न्यावा लागतो, तो अनेकदा आजाराने नव्हे, खाटेने. शिवाय सुईच्या जागेला सूज, रुग्णालयातल्या चिवट जंतूंचा संसर्ग, परक्या जागी रात्री होणारा भ्रम. मुक्काम वाढेल तसे हे धोके वाढतात.

आणि पैसा. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत एका वेळच्या रुग्णालयातल्या मुक्कामाचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये, तर खासगीत ३१,८४५ रुपये होता. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पण सोबत थांबणाऱ्याची बुडालेली मजुरी, एसटीचे भाडे, बाहेरचे जेवण हे कोणी माफ करत नाही. जावळीच्या खोऱ्यातून आलेल्या घराला मोफत खाटेचे चार जादा दिवसही महाग पडतात.

दोष फक्त नातेवाइकांचा नाही. तपासणीचा रिपोर्ट दोन दिवस येत नाही म्हणून रुग्ण पडून राहतो. रविवारी डिस्चार्ज कोण करणार, म्हणून सोमवार उजाडतो. तोंडाने गोळी चालली असती तिथे इंजेक्शन चालू राहते. अनेक विमा पॉलिसी २४ तास दाखल झाल्याशिवाय खर्च देत नाहीत, म्हणून बाहेरून होणारी तपासणीही ‘अ‍ॅडमिट’ होऊन होते. ही आमची, व्यवस्थेची कामे आहेत आणि ती आम्हीच सुधारली पाहिजेत.

याचा अर्थ खाट वाईट असा मुळीच नाही. ज्या तामिळनाडूने क्षयाला घरी पाठवले, त्याच राज्याने २०२२ पासून उलट पाऊल टाकले. निदान होताच प्रत्येक रुग्णाचे वजन, श्वासाचा वेग, ऑक्सिजन आणि आधाराशिवाय उभे राहता येते का, एवढे तपासायचे. जो फार खंगलेला आहे, ज्याला धाप लागते किंवा उभे राहवत नाही, त्याला लगेच दाखल करायचे. त्यानंतर तिथे क्षयाचे मृत्यू घटल्याची नोंद आहे. खाट मोकळी असली तरच ती अशा माणसाला वेळेवर मिळते.

म्हणून दाखल होताना आणि रोज राउंडला डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. इथे असे काय चालले आहे, जे घरी होणार नाही? कशाची वाट पाहतोय आणि ते केव्हा होईल? घरी गेल्यावर काय दिसले तर लगेच परत यायचे आणि एरवी कोणत्या तारखेला? तिसऱ्याचे उत्तर कागदावर लिहून घ्या. धाप, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, खोकल्यातून रक्त, पोटात पाणीही न ठरणे, लघवी फार कमी होणे, ताप पुन्हा चढणे, यांपैकी काहीही झाले तर तारखेची वाट पाहू नका.

परवा असेच एक आजोबा घरी गेले. आठव्या दिवशी तपासणीला आले, ते मुलाच्या पुढे चालत. “घरी गेलो आन्‌ झोप लागली बघा,” म्हणाले. त्यांच्या रिकाम्या खाटेवर त्याच संध्याकाळी न्यूमोनियाची एक बाई आली होती. तिला ऑक्सिजन हवा होता, आणि तो घरी मिळणार नव्हता.