हौसेचा लेथ आणि मापाची शिस्त



गळिताच्या हंगामात कारखान्याच्या वर्कशॉपमधला लेथ आपण लांबून पाहतो. गेल्या पावसाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेऱ्याला पाहुण्यांकडे गेलो, तेव्हा मात्र तो जवळून पाहण्याचा योग आला.

आमचे पाहुणे तिथे शाळेत मास्तर आहेत. मुलूख धानाचा, भोवती जंगल. पंपाचा एखादा बुश झिजला तरी आलापल्ली, नाहीतर थेट चंद्रपूर गाठायचे. म्हणून मास्तरांनी एक जुना लहान लेथ घेतला, पडवीत बसवला, सिंगल फेजची मोटर जोडली आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने शिकू लागले.

एकदा शेजाऱ्याच्या पंपाचा शाफ्ट करायला घेतला. बेअरिंग 6205 नंबरचे, त्याचे भोक 25 मिलिमीटर. हातात रॉड 26 चा. एक मिलिमीटर कमी करायचे म्हणून मास्तरांनी टूल एक मिलिमीटर आत घेतले आणि कट मारला. मापले तर 24! जॉब गोल फिरतो, त्यामुळे टूल जेवढे आत जाते त्याच्या दुप्पट व्यास उतरतो. अर्धा मिलिमीटरच घ्यायला हवा होता. कापलेले लोखंड काही परत चिकटत नाही. शेजारी दुसऱ्या दिवशी एसटीने चंद्रपूरला गेला. दोन दिवस पंप बंद, पावसाने ओढ दिलेली, पऱ्हे पिवळे पडू लागले. शेजारी एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच मास्तरांना जास्त लागले.

मास्तरांनी यंत्राच्या नादी लागावे का, असे कोणी म्हणेल. पण लक्ष्मणराव किर्लोस्कर (1869-1956) तरी मूळचे कोण होते? मुंबईला चित्रकला शिकायला गेले, रंग ओळखण्यात दोष निघाला, म्हणून यांत्रिक ड्रॉईंगकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवता शिकवता रिकाम्या वेळी तिथल्या वर्कशॉपमध्ये यंत्रे समजून घेतली. पुढे बेळगावला सायकलींचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र, लोखंडी नांगर, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी. आपल्या वाडवडिलांच्या शेतात चाललेल्या नांगराचे मूळ एका मास्तराच्या हौसेत आहे!

आमचे मास्तरही थांबले नाहीत. आता त्यांचा शिरस्ता असा : काही लेथच्या डायलवर व्यासाचे आकडे असतात, काहींवर टूलच्या चालीचे, आपला कोणता, ते आधी भंगार रॉडवर पाहावे. हँडल मागे घेतले तर स्क्रूची ढिलाई काढून मगच पुढे यावे, नाहीतर डायल एक सांगते आणि टूल दुसरेच करते. शेवटचा अर्धा मिलिमीटर हलक्या कटांत घ्यावा. दर कटाला मशीन थांबवून मायक्रोमीटर लावावा. चकची चावी चकात विसरू नये. हातमोजे नकोत, बाह्या घट्ट, डोळ्यांना चष्मा. कीस हाताने ओढू नये.

घरात मुलाला किंवा मुलीला अशी आवड असेल, तर आय.टी.आय.त टर्नरचा दोन वर्षांचा कोर्स आहे, तिकडे जरूर पाठवा. आपल्याला स्वतःला हौस असेल, तर आधी भंगारावर हात बसवा, मगच शेजाऱ्याच्या शाफ्टला हात लावा.

मास्तरांचे नुकतेच पत्र आले. यंदा त्याच शेजाऱ्याने स्वतःहून दुसरा रॉड आणून दिला. बेअरिंग अंगठ्याने सरकले नाही, लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्याने बसले. पंप चालू आहे.