नळाला बांधलेले गाळणे

अंबाकाठच्या नागोठण्यासारख्या बाजारगावी, खाली दुकान व वर बिऱ्हाड असलेल्या घरात माडीवरची धार बारीक झाली की प्रथम पंप आठवतो. मुख्य नळीला थेट पंप लावणे म्हणजे शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढणे. अचौर्यव्रताला ते शोभत नाही. शिवाय गळक्या सांध्यांतून मळही आत येतो.

गच्चीवरच्या टाकीची उंची 10 मीटर असेल तेव्हा चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो दाब मिळतो. माडीवर उंचीच 2-3 मीटर उरते. त्यात नळाला बांधलेले दुहेरी गाळणे गाळाने दाटले, की धार आणखी मंदावते. प्रथम तेच सोडून पाहावे. मात्र ते गाळलेल्या पाण्यानेच धुवावे आणि जिवाणी जपून जलाशयात पोचवावी.

नळ झटक्यात बंद करताच भिंतीत बसणारा ठोका निराळा: वाहते पाणी एकाएकी अडते, नळी हादरते. नळ सावकाश फिरवावा, सैल नळी क्लॅम्पने आवळावी. पंपाचा खर्च त्यानंतर.