बोटावरचा थेंब आणि चौदा दिवसांच्या गोळ्या

महाबळेश्वरला लिंगमळ्याचा धबधबा बघायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं, की १८६० च्या दशकात सरकारने इथे हिवतापाचं औषध पिकवून पाहिलं होतं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातून आणलेल्या सिंकोनाची ती लागवड. त्याच्या सालीतून क्विनिन निघतं, आणि थंडीतापावर तेव्हा खात्रीचा उपाय तेवढाच होता. निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे हे झाड रुजलं, आपल्याकडे नाही. पुढे बंगालमध्ये १८९२ पासून क्विनिनच्या पुड्या टपाल कचेऱ्यांतून एका पैशाला विकायला सुरुवात झाली. टपाल जिथे पोचतं तिथे औषधही पोचावं, ही कल्पना मला आजही थोर वाटते.

आज साताऱ्यात किंवा सांगलीत सरकारी दवाखान्यात हिवतापाचं औषध फुकट मिळतं. पण त्याआधी सुई टोचून घ्यावी लागते. आरोग्यसेवक गृहभेटीला आला की त्याचा प्रश्न ठरलेला: घरात कुणाला ताप आहे का, गेल्या पंधरा दिवसांत येऊन गेला का? ‘हो’ म्हटलं की अनामिकेचं टोक स्पिरिटने पुसायचं, टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा. पुढच्या रक्ताचे एकाच काचपट्टीवर दोन लेप होतात. एक जाड आणि गोल. दुसरा पातळ, दुसऱ्या काचेच्या कडेने ओढलेला, शेवटाला जिभेसारखा निमुळता. तो वाळला की त्याच्यावरच पेन्सिलीने नंबर घालायचा.

दोन लेप कशाला? जाड लेपात तांबड्या पेशी एकमेकींवर रचलेल्या असतात, म्हणजे खरं तर काहीच दिसू नये. पण हा लेप मुद्दामच कच्चा ठेवतात. रंगाच्या पाण्यात बुडवला की तांबड्या पेशी फुटतात, त्यांचा रंग धुऊन जातो, आणि त्यांच्या पोटात लपलेला परजीवी उघडा पडतो. निळसर अंग, त्यात लाल ठिपका. पातळ लेपात पेशी शाबूत राहतात, म्हणून परजीवी कोणत्या जातीचा ते ओळखता येतं. एक लेप सांगतो आहे की नाही, दुसरा सांगतो कोण आहे. हा रंगही भारतातच तयार झालेला: जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांचा १९४४ चा ‘जेएसबी’. स्वस्त, आणि काम फार झटपट करणारा.

जात ओळखायची ती औषधासाठी. फाल्सिपेरम जातीचा परजीवी मेंदूपर्यंत पोचून जीव घेऊ शकतो. त्याला आर्टेमिसिनिनवर आधारलेल्या जोडगोळ्या लागतात. व्हायव्हॅक्सचं कसब वेगळं आहे. क्लोरोक्विनने तीन दिवसांत रक्त साफ होतं, ताप उतरतो, माणूस कामाला लागतो. पण यकृतात काही परजीवी झोपून राहिलेले असतात. आठवड्यांनी, कधी महिन्यांनी ते जागे होतात, आणि नवा डास न चावताच तोच माणूस पुन्हा कुडकुडायला लागतो. त्यांना गाठायला प्रायमाक्विनच्या चौदा दिवसांच्या गोळ्या लागतात. आरोग्य खात्यात याला समूळ उपचार म्हणतात. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ही गोळी चालत नाही, काहींच्या रक्तालाही ती सोसत नाही, म्हणून ती विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

बरं वाटल्यानंतरचे हे दिवसच खरे अवघड. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून, सांगलीच्याच जत भागातून ऊसतोडीच्या टोळ्या वाळवा-कराडच्या पट्ट्यात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातलं एक माणूस दवाखान्यात गेलं की खाडा पडतो. फड संपला की कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उठतात. गोळ्या एका गावात सुरू होतात, आणि संपायच्या वेळी माणूस दुसऱ्या तालुक्यात असतो. आजूबाजूला कालवे आणि पाटाचं पाणी. अशा पाण्यात हिवताप पसरवणाऱ्या ॲनॉफिलिस डासाच्या काही जाती खुशाल वाढतात. म्हणून मला रॅपिड किटचं मोल फार वाटतं. बोटभर पट्टी, रक्ताचा एक थेंब, आणि कोपीच्या दारातच पंधरा-वीस मिनिटांत उत्तर. मायक्रोस्कोप लागत नाही, वीज लागत नाही.

अशीच किट आफ्रिकेतल्या खेड्यांतही जातात. २०२३ मध्ये जगात अंदाजे २६.३ कोटी लोकांना मलेरिया झाला आणि ५ लाख ९७ हजार माणसं गेली, बहुतेक आफ्रिकेत, त्यातही लहान मुलं जास्त. त्यांच्यासाठीच्या जोडगोळ्या बनवणाऱ्यांत मुंबईच्या इप्का आणि सिप्ला आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आर-२१ लस जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये मुलांना द्यायला सुरुवात झाली. ज्या सह्याद्रीत सिंकोना रुजला नाही, त्याच्याच आसपासच्या शहरांतल्या कंपन्यांकडून आज जगाला औषध जातंय, याचा मला मनापासून आनंद आहे.

मग आपल्याकडे रुग्ण थोडे असताना एवढ्या काचपट्ट्या कशाला? स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे. डीडीटी आणि घरोघरच्या तपासणीने १९६५ पर्यंत तो आकडा लाखाच्या आसपास आला. मग हात सैल पडला, डीडीटीला डास दाद देईनात, आणि १९७६ मध्ये रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले. श्रीलंकेने २०१६ मध्ये मलेरियामुक्तीचं प्रमाणपत्र मिळवलं, तरी तिथे तपासणी चालूच आहे, कारण परदेशातून येणारा प्रवासी परजीवी रक्तातून घेऊन येऊ शकतो. भारताने २०३० चं उद्दिष्ट ठेवलंय. त्या प्रमाणपत्रासाठी सलग तीन वर्षं देशात एकाही स्थानिक डासाकडून लागण झालेली नसावी लागते, आणि तेही पुराव्यानिशी दाखवावं लागतं. पाटणच्या एखाद्या वाडीवरून आलेली, काहीच न सापडलेली काचपट्टीही त्या पुराव्यात धरली जाते.